गाडी भरली की सुटते

वही इकडे सरकव, दिव्याखाली.
छान आखल्यास चौकटी, पट्टी लावून,
पाच आठवडे, पस्तीस खण,
लाल म्हणजे प्रवास, निळा मुक्काम,
शेवटचे चार हिरवे, समुद्राचे.
माझी हिशेबाची वहीही इतकी नेटकी नाही.

पण इथे, बघ, तू लिहिलंयस:
सकाळी आठला निघणे. दुपारी तीन, आंबोसित्रा.
आठ कुणाचे?
टॅक्सी-ब्रूसला घड्याळ नसतं, बाकं असतात.
एका बाकावर चौघं,
कधी चौघं आणि एक बदक.
शेवटचं गिऱ्हाईक येईस्तोवर ड्रायव्हर
चाकाशी बसून उसाचं कांडं सोलतो.
गाडी भरली की सुटते.
तोवर तुझा लाल खण तळावरच, उन्हात.

आणि हा आगगाडीचा दिवस, डोंगरातून मानाकाराकडे,
तो शाईने कशाला लिहिलास?
इंजिनाचा सुटा भाग राजधानीतून निघालाय म्हणतात.
मागच्या पावसाळ्यापासून निघालाय.
माझी धाकटी बहीण एकदा त्या गाडीने गेली,
कडेवर लेकरू.
बोगद्याच्या तोंडाशी रात्र काढली,
बायकांनी रुळांमध्ये चूल मांडून केळी तळली.
उतरली तेव्हा लेकरू चार नवे शब्द शिकलं होतं,
त्यातल्या दोन शिव्या.

स्वेटर नाही आणलास?
उष्ण देश, असं ज्याने कुणी छापलं
त्याने जुलैत माझ्या न्हाणीत आंघोळ केलेली नाही.

गावात शिरलीस की आधी विचार, इथे काय वर्ज्य.
कुठे डुकराचं मांस, कुठे मंगळवारचा नांगर,
कुठे थडग्याकडे बोट दाखवणं.
दाखवावंच लागलं
तर बोट मुडपून, असं, पेराने दाखव.
हे लिहून घेऊ नकोस.
नदी ओलांडली की बदलतं.

काल तू ताणकाटा दाराच्या खिळ्याला अडकवून
पिशवी तोललीस. नऊ किलो दोनशे.
मग माझ्या सुरीने
दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापलीस.
मी काही बोलले नाही.
सुरीला धार लावून घेतली, एवढंच.

म्हणून मागायला जीभ अडखळते.
ही डबी.
हातात घे. तोल हवं तर.
चष्मा आहे, माझ्या मामाचा.
आंबोसित्राला लाकूड कोरतो तो,
खिडक्यांच्या झडपांवर मधाचं पोळं, कोळ्याचं जाळं.
दोन वर्षं झाली, बोटांनी चाचपून कोरतोय.
मागच्या खेपेला पाठवलेल्या झडपेवर
जाळ्याला एक धागा जास्त होता.
गिऱ्हाइकाला कळलं नाही.
ती झडप मी विकली नाही.
तुझ्या खोलीला आहे तीच.

नाव लिही: राझाफिमानांत्सुआ.
मावत नाही ना? जाऊ दे शेजारच्या दिवसात.
बाजाराच्या वरच्या अंगाला, विटांच्या भट्टीमागे,
पटाशीचा ठोका ऐकू आला की थांब.

त्या दुपारी तू विश्रांती लिहिली आहेस.
मिळेल.
जेवल्याशिवाय तो सोडायचा नाही.
भात, वर भाताच्याच खरपुडीचं कोमट पाणी,
जळकट लागेल पहिल्या घोटाला. पी.
पुढची गाडी आहे म्हणालीस
तर म्हणेल, असू दे, आणि पुन्हा वाढेल.

मी? मी कशी जाऊ.
सहा खोल्या, त्यातली एक गळते.
अडीचशे किलोमीटर तर आहे,
तू एका रेघेत संपवलंस.

डबी कपड्यांच्या मधोमध ठेव, टपावर देऊ नकोस.
ड्रायव्हर म्हणेल, दे, दोरी पक्की आहे.
देऊ नकोस.

चल, दिवा बारीक करते.
चारला उठवीन. लवकर गेलीस तर खिडकी मिळेल.
निघेल म्हणशील तर
बदक आलं की निघेल.